भिंतीवरची कवंदी

धूळ रोज झाडून निघते हो, किस्से मात्र साचतच जातात! नजरबादच्या आमच्या दोन खोल्यांच्या म्युझियममध्ये मी झाडलोट करते, तिकिटं देते. पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आलेल्या सिद्दी लोकांचे ढोल, फोटो, टोपल्या इथे आहेत. आणि कवंदी, म्हणजे जुन्या साड्यांच्या तुकड्यांची गोधडी. माझा दोन वर्षांचा चिनू माझ्याबरोबरच असतो. म्युझियम सांभाळणाऱ्या सरांनी बजावलंय, "एका वस्तूला जरी हात लागला, तर दोघांचंही येणं बंद!" तेव्हापासून माझा जीव टांगणीला.

*

हल्याळकडून मारियामावशी कवंद्या शिवून दाखवायला येतात. त्या सिद्दीच. मराठी बोलतात, म्हणून माझ्याजवळच बसतात. कॉलेजच्या एका पोरानं विचारलं, "आफ्रिकेतून तुम्ही कधी आलात?"

"काल, बसनं," मावशी म्हणाल्या. "हुबळीपर्यंत उभीच होते बघ!"

*

सासूबाईंना एकदा सगळं फिरवून दाखवलं. बाई रुसल्याच! "आपले लोक इथल्या महाराजांच्या फौजेत होते, त्यांची सामानाची पेटी का नाही इथं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर पेटी घासूनपुसून दारात तयार!

*

एकदा सिद्दी मंडळींनी ढोल वाजवला. सगळे नाचले, सर मात्र हात मागे बांधून ताठ उभे. मी खाली बघितलं. साहेबांच्या चपला तेवढ्या नाचत होत्या!

*

कवंदीच्या चारी कोपऱ्यांना तिकोनी तुकडे शिवतात, त्यांना फुलं म्हणतात. टापटीप दिसावी म्हणून सरांनी ती फुलं मागे दुमडून कवंदी भिंतीवर लावली. मावशी ओरडल्या, "अय्यो, फुलांशिवाय कवंदी नागडीच! बाईला उघडंच टांगलंत की!"

सरांनी आधी दार लावून घेतलं. मग फुलं उलगडून बाहेर काढली.

*

आणि हा तर कळसच! बेंगळूरचे पाहुणे यायचे होते. चिनूला फरशीवर निजवून मी गेट उघडायला गेले. परत येते तर भिंत रिकामी! कवंदी चिनूच्या अंगावर, शेजारी मावशी!

"मावशी, काढा हो! माझं काम जाईल!"

"पोरांसाठीच शिवतो आम्ही. भिंतीला काय थंडी वाजते?"

मी कवंदी ओढली. ओली! चिनूनं आपलं काम उरकलं होतं. मी तिथंच रडायला लागले. मावशींनी शांतपणे ती धुतली, अंगणात दोरीवर टाकली. तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन आत!

"ती तुमची कवंदी कुठाय?" पाहुण्यांनी विचारलं.

सरांनी भिंतीकडे बघितलं. चिनूच्या ओल्या चड्डीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आज वापरात आहे," सर म्हणाले. "अंगणात वाळतेय, चला दाखवतो!"