पाऊण रंगाची तोड

ठमीच्या हाताला पाऊण रंगाची तोड बसलेली होती. टोक लाल, देठाकडचे खांदे पांढरे, अशीच स्ट्रॉबेरी शहरात जायची. पुरती लालबुंद दिसली की मुकादम ओरडायचा, "ती तुमच्या पोटात घाला! ट्रकात चढवलीत तर पोचेपर्यंत चिखल होईल आणि सगळी डबी नासवेल." पाऊण रंगाची वाटेत लाल व्हायची, पण गोडी काही वाढायची नाही. झाडावरून तुटली तेव्हा जेवढी, तेवढीच.

ठमीची ताई लग्न होऊन त्याच शहरात गेलेली. आता तिचे गुडघे असे धरलेले की जिना उतरायचा म्हटला तरी अंगावर काटा यायचा. माहेरी येणं सुटलंच होतं. परवा फोनवर म्हणाली, "तुमच्याकडचीच डबी आणली गं. दिसायला नटवी, चवीला नुसतं पाणी. आपण वाफ्यात बसून खायचो, तशी आता होतच नाही वाटतं."

ठमीला ते झोंबलं. "होत नाही कशी? पाठवतेच बघ!"

सकाळच्या गारव्यातच तिनं ताईसाठी वेगळी डबी भरली. भरून बघते तर सगळ्यांचे खांदे पांढरे. पिकलेलं फळ दिसलं की बोटं आपसूक पुढं सरकत होती. "मेल्यांनो, आज तरी ऐका," ती बोटांवरच खेकसली. पहिली सगळी फळं क्रेटमध्ये ओतली आणि एकेक पारखून पुन्हा तोडली. देठासकट, कागदावर एकच थर.

ट्रकवाल्यानं डबी नाकाशी नेली. "मावशी, ही पोचवायची की पुरायची?"

"ताईच्या हातात द्यायची. तोंड आवर."

"देतो. पण वाटेत हिनं जीव सोडला तर माझ्या नावानं गळा काढू नका."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ठमी वाफ्यात वाकलेली असताना फोन वाजला.

"आली गं डबी," ताई म्हणाली. "निम्म्या बसल्या होत्या. एकीला तर बुरशीच्या मिशा फुटल्यात."

"आणि उरलेल्या?"

"झाकण काढलं आणि घरभर वास सुटला. सुनेनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय आणलंत म्हणून. खाल्ल्या मी. गोड होत्या."

"पण?"

"पण गार होत्या गं. आपल्या कशा, उन्हानं तापलेल्या असायच्या. ओठाला चटका बसायचा."

ऊन कुठल्या डबीत भरणार?

"ठमे, आत्ता कुठं आहेस?"

"वाफ्यातच."

"मग एक तोड. पुरती पिकलेली. खा, मी ऐकते."

ठमी दोन सऱ्यांच्या मधे फतकल मारून बसली. पानाआडची एक लाल हाताला लागली, तशी अलगद सुटून आली. ऊन ऊन. दातांखाली फुटली आणि रस हनुवटीवरून पदरावर ओघळला.

"कशी आहे?"

गोड म्हटलं तर तिकडं ताईचा बांध फुटेल, असं ठमीला वाटलं. "आंबट आहे," ती म्हणाली.

"खोटारडी! मग भुरके कसले मारतेस?"

ताई हसली. फोन काही ठेवला नाही. मुकादम बांधावरून हातवारे करत होता. ठमीनं त्याच्याकडं पाठ फिरवली.

"अजून एक खा," ताई म्हणाली. "सावकाश."