उतारावर न्यूट्रल

घाट अजून सुरूही झाला नव्हता आणि स्क्रीनवर बॅटरी नऊ टक्के. मागे बर्फातली कोळंबी, चौदा खोकी. दिघीहून निघाल्यापासून मी केबिनचा पंखा बंद ठेवला होता, मोबाईलही चार्जिंगला लावला नव्हता. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. म्हसळा सोडल्यावर गाडी रांगायला लागली. चार्ज फार उतरला की ती स्वतःच वेग कमी करते. मग थांबलीच.

महिन्यातली ही तिसरी वेळ.

मालक म्हात्रेशेठ. घरचे मूळचे मिठागरवाले, हे ट्रान्सपोर्टमध्ये आले. माणगावच्या गोडाउनला त्यांनी तीन इलेक्ट्रिक टेम्पो घेतले होते. सकाळी किराणा भरून दिघीला जायचं, आणि आगरदांड्याहून फेरीबोटीने आलेली कोळंबी घेऊन परत यायचं. चार्जर फक्त माणगावला. बाकीचे दोघे ड्रायव्हर याच रस्त्याने जाऊन संध्याकाळी वीस-बावीस टक्के शिल्लक घेऊन यायचे. बसायची ती माझीच गाडी. आणि ते दोघे नवे होते, मी सात वर्षांचा जुना.

त्या दिवशी डिझेलची पिकअप मागवून माल पुढे पाठवला. कोळंबीवाल्या चाचांनी शेठना फोन करून सांगितलं, की पुन्हा असं झालं तर डिझेलगाडीच पाठवा, नाहीतर राहू द्या. शेठ माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"आता अजून एकदा थांबली, तर तुला दुसरीकडं बघावं लागंल रं," एवढंच म्हणाले. "मग माझ्या हातात काय न्हाय."

मी नांदेडकडचा. नववीत शाळा सुटली. इथे आलो तेव्हा खिशात लायसन होतं आणि ओळखीचं कोणी नव्हतं. खोली मिळेपर्यंत आठ दिवस याच माणसाच्या घरी जेवलो होतो. त्यांचं नुकसान माझ्यामुळे व्हावं, हेच मनाला खात होतं. बॅटरीच खराब निघू दे, असं मी रोज देवाला म्हणत होतो.

गाडीच्या कंपनीतून एक मॅडम आल्या. बॅटरी तपासली, ठणठणीत. मग त्यांनी चाकं काढून बघायला लावली. ब्रेकचे पॅड पार झिजले होते. मॅडम म्हणाल्या, इलेक्ट्रिक गाडीचे पॅड एवढ्या लवकर जात नाहीत. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या माझ्या शेजारी बसल्या.

घाट चढून वर आलो. उतार लागला आणि माझ्या हाताने नेहमीचं काम केलं. नॉब फिरवून न्यूट्रल.

"हे काय केलंत?"

"न्यूट्रल, मॅडम. उतार आहे ना."

"रोज असंच उतरता?"

"जिथं उतार, तिथं. एवढीशी बॅटरी वाया घालवत नाही मी."

मी हे अभिमानाने सांगितलं. गावाकडे माझ्या उस्तादांनी डिझेल टेम्पोवर हेच शिकवलं होतं. उतारावर जो थेंबभर डिझेल जाळत नाही, तो ड्रायव्हर. नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवून घाट उतरणं धोक्याचं असतं, हे तेव्हाही कोणी बोललं नव्हतं.

मॅडमनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि समजावलं. सायकलच्या डायनॅमोसारखं असतं ते. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की चाकं मोटर फिरवतात आणि त्यातून वीज होऊन बॅटरीत परत जाते. गाडीचा वेगही त्यानेच आवरतो. न्यूट्रल टाकलं की मोटर नुसतीच फिरते, वीज होत नाही. म्हणजे मी फुकटची वीज सोडून देत होतो आणि वर पॅड झिजवत होतो. गाडी थांबेल या भीतीने तर लहानसहान उतारावरसुद्धा न्यूट्रल टाकायला लागलो होतो. जेवढा घाबरलो, तेवढी ती लवकर थांबली.

"आता गिअरमध्ये ठेवा आणि पाय काढा," मॅडम म्हणाल्या.

मागून कोणी शेपटी धरावी तशी गाडी ओढली गेली. स्क्रीनवर चौसष्ट होते. पायथ्याशी सदुसष्ट झाले. मी ते वाढलेले तीन टक्के बघत बसलो. नोकरी गेली असंच वाटत होतं.

मॅडमनी तिथूनच शेठना फोन लावून सगळं सांगितलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"म्हणजे माझी बॅटरी वाचवायच्या नादात माझीच गाडी बसवलीस व्हय रं?" मग ते हसायला लागले. "आणि त्या दोघांनी कसं न्हाय टाकलं न्यूट्रल?"

"त्यांनी डिझेल कधी चालवलंच नाही, शेठ."

संध्याकाळी कोळंबी घेऊन माणगावला पोचलो, तेव्हा एकवीस टक्के शिल्लक होते. चाचांचं काम शेठकडेच टिकलं, माझी नोकरीही टिकली. रात्री गावी उस्तादांना फोन करून सांगितलं, की गाडी उतारावर चार्ज होते. ते म्हणाले, "समुद्रावर जाऊन प्यायला लागलास काय?"

आता शेठकडे सहा गाड्या आहेत. नवीन ड्रायव्हर आला की पहिली फेरी माझ्यासोबत असते. मी जास्त काही विचारत नाही. घाटमाथ्यावर त्याच्या हाताकडे बघतो. अनुभव सात वर्षांचा असेल, तर जरा जवळून बघतो.