बोलतं यंत्र आणि आमचे ग्रंथपाल

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल पुस्तकाआधी मुलांची भाषा तपासत. "'मले' नाही, 'मला' म्हणा," हे ऐकून ऐकून नववी-दहावीतली पोरं तिकडे फिरकेनाशी झाली. मग त्यांना ओढायला समितीनं पुस्तकं सुचवणारं बोलतं यंत्र आणलं.

पहिल्याच दिवशी एक मुलगी त्याला म्हणाली, "मले भुताचं पुस्तक पायजे."

"क्षमस्व, आपलं बोलणं समजलं नाही," यंत्र म्हणालं. तिनं पुन्हा सांगितलं; पुन्हा तेच उत्तर.

शेजारी उभे असलेले ग्रंथपाल यंत्रावरच उखडले. "काहून समजत नाही बे तुले? पोरगी मराठीतच बोलून राहिली ना!"

पोरं खो-खो हसली. मुलगी यंत्र सोडून ग्रंथपालांकडे वळली. "सर, तुमी काय वाचता?"

हे त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. "चाल, दाखवतो," म्हणत ते तिला भुताच्या पुस्तकांच्या कपाटाकडे घेऊन गेले.