पिशवी हाय का?

नेकनूरच्या बाजारात तो मोटारसायकल आडवी लावून उभा होता. आमच्याच गावच्या बड्या बागायतदाराचा पोरगा. मागं दोन दोस्त. माझ्या आईला बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मावशे, पिशवी हाय का? का तीबी काढून टाकली?"

आईनं हातातली कापडी पिशवी वर केली. "हाय की बाबा. ही बग."

तिघं हसले. वांगीवाला हसला. सगळे हसतात म्हणून आईसुद्धा हसली.

मी नाही हसले. ते वाक्य कुठून आलं, मला माहीत होतं.

आई ऊसतोडीला जाते. फडात बाईच्या दुखण्याला सुट्टी नसते. पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेली, तर तिशीच्या आतच तिची गर्भपिशवी काढून टाकली. तेवढंच ती माझ्या व्हिडिओत बोलली. डोक्यावर पदर, मागं आमची चूल. ऊसतोड कामगारांच्या संघटनेची इतकी पत्रकं लिहिली मी, कुणी घडी उलगडली नाही. हा व्हिडिओ मात्र जिल्हाभर फिरला.

आणि खाली कमेंटी. "पिशवी गेली, आता गोणी लाव." "कोयता सोडला अन् हिरोईन झाली." खदाखदा हसणारे पिवळे चेहरे, रांगेनं. पहिली कमेंट त्याचीच, मोटारसायकलवाल्याची. स्वतःच्या नावानं. फेटा बांधलेल्या फोटोसकट.

मी काय केलं? पुसत बसले. आईला वाचता येत नाही. भाकरी थापता थापता रोज विचारायची, "आज काय लिवलं गं लोकांनी?"

"मावशी लई खरं बोलल्या, असं लिवलंय."

ती खूश. नळावर बायांना सांगायची.

संघटनेतले दादा म्हणाले, दुर्लक्ष कर. बरोबर आहे. मोबाईल उलटा ठेवता येतो. बाजारात आडव्या लावलेल्या मोटारसायकलीचं काय करू?

परत येताना एसटीत आईनं विचारलं, "ती पोरं कावून हसली गं?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "फोनात बी असंच हाय ना? वाच. जसं लिवलंय तसं."

वाचलं. पुसलेल्याही सांगितल्या. त्या पाठच झाल्यात मला. आई ऐकत होती. मांडीवर पिशवी, पिशवीत वांगी. दोन्ही हातांनी तिचे बंद घट्ट धरलेले.

मग बोलली. "दवाखान्यात मी डाक्टरला इचारलतं, ह्या कागदावर काय लिवलंय? म्हणला, तुज्या भल्याचंच लिवलंय, अंगठा लाव."

माझ्याकडं वळली.

"तूबी तसंच वाचून दावलंस."

इतक्या कमेंटींनी मी रडले नव्हते. एसटीत रडले. आईनं डोळे पुसले नाहीत माझे. बरं केलं.

आता एकही कमेंट पुसणार नाही. पुढचा व्हिडिओ गावाच्या पारावर, भर सकाळी, त्या बागायतदाराच्या दारासमोर. आई शेजारी बसेल. मी एकेक कमेंट मोठ्यानं वाचीन, लिहिणाऱ्याच्या नावासकट, आणि आई उत्तर देईल. दादा म्हणतात, भांडण वाढेल. वाढू दे. पहिलं नाव त्याचंच.

आईची अट एकच. "एक अक्षर बी गाळायचं न्हाई."

गाळणार नाही.