वाळूला कान लावणारे शिवातात्या

ओढ्याच्या कोरड्या पात्रात शिवातात्यांना पालथं पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा उन्हाने भोवळ आली असेल म्हणून धावत गेले. त्यांचा कान वाळूला टेकला होता.

"गप ऱ्हावा, बाई," डोळे न उघडता ते म्हणाले. "पानी बोलतंय."

त्यांनी बोट ठेवलं तिथे दोन हात खणल्यावर पाण्याचा झिरा लागला.

कडेगावाजवळच्या त्या गावात साठ-एकसष्टला मी शाळेवर शिकवायला होते. तात्या ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतले. झिरा त्यांनी दाखवायचा, घागरी मात्र आधी गावाने भरायच्या. वस्तीचा खड्डा वेगळा, खालच्या अंगाला. "पानी कुनाला जात इचारत न्हाई," एवढंच ते म्हणत.

एका वैशाखात सगळे झिरे आटले. खुद्द पाटील तात्यांना बोलवायला आले. भर दुपारी ओढ्याच्या वळणावर तात्यांनी कान लावला आणि चटका बसल्यासारखं डोकं उचललं.

"पानी हाय. पन हितं खनू नगा. खाली बाईमानूस हाय."

लोक हसले. पाटील हसले नाहीत. "शिवा, दुसरी जागा बघ," ते घाईने म्हणाले.

पण तहानेला कुठला धीर! बायकांनीच कुदळी घेतल्या. कमरेइतकं खणल्यावर गार, निवळ पाणी आलं. पाठोपाठ हिरव्या बांगड्या, आणि त्यांत अडकलेलं मनगटाचं हाड. पाटलांची धाकटी सून दोन वर्षांपूर्वी मुंबईला पळून गेली, असं गाव समजत होतं.

"बुजवा ते!" पाटील ओरडले.

तात्या खड्ड्याच्या काठावर आडवे झाले. "आदी माज्यावर माती टाका."

पोलीस येईपर्यंत ते हलले नाहीत. एवढं पाणी समोर, पण कुणी ओंजळ भरली नाही. पोलिसांनी हाडं नेली, पाटलांनाही नेलं.

आठवड्याने कोरेगावहून त्या सुनेची आई आली. तात्यांसमोर हात जोडून म्हणाली, "एकदा ऐका. माजी पोर काय म्हनती?"

तात्या बराच वेळ वाळूवर पडून राहिले. उठून म्हणाले, "काय न्हाई, आक्का. निवांत निजलीया."

ती डोळे पुसत एसटीच्या वाटेला लागली.

"खरंच?" मी विचारलं.

तात्यांनी कानाची वाळू झटकली. "न्हाई, बाई. अजून आयेलाच हाका मारतीया."

पावसाच्या आत त्यांनी गाव सोडलं. पुढे साताऱ्यात मुलाकडे ते वारले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांची सून सांगत होती, शेवटपर्यंत ते कधी जमिनीवर निजले नाहीत. त्यांना खाटच लागायची.