पाद्रीसाहेबांच्या अभ्यासिकेतली खाट

“म्हातारीचं डोकं तापात फिरलंय बघ. सारखी उशी पायथ्याला नेते.”

खोताच्या वाडीतली नर्स रोझीबाय पडद्यापलीकडे आयाला सांगत होती. म्हातारी म्हणजे माझी आई, अजून चाळिशीही न ओलांडलेली. मी पडद्याअलीकडे आईजवळ बसून होते.

त्याच सकाळी डॉक्टरसाहेबांनी आजाराचं नाव सांगितलं होतं : एंटेरिक फीवर, म्हणजे आतड्यांचा ताप. आपण मुदतीचा ताप म्हणतो तोच. यात आतड्यांना व्रण पडतात. रोग्यानं निश्चल पडून राहायचं. उठबस केली तर व्रण फुटून आतून रक्त जातं, आणि मग फारसा इलाज उरत नाही.

परळचं हे शुश्रूषागृह पूर्वी इंग्रज पाद्रीसाहेबांचं घर होतं. ज्यानं बांधलं त्यानं आपला देश आठवून बांधलं असावं. बर्फासाठी उतरतं छप्पर, कधीच न पेटलेली शेकोटी, आणि खिडक्या इतक्या उंच की पडलेल्या माणसाला नुसतं आभाळ दिसावं. जिना दोनदा वळतो, त्यामुळे वर आल्यावर दिशाच कळत नाही. आईला ठेवलं ती खोली म्हणजे साहेबांची अभ्यासिका. शेकोटी इतकी पुढे आलेली की खाट एकाच तऱ्हेनं मावे. वारा डोक्याला लागू नये म्हणून उशी दाराकडे, पाय खिडकीकडे.

आई उठून उशी खिडकीकडे न्यायची. रोझीबाय पुन्हा दाराकडे ठेवायची. मग आई आडवीच होईना, भिंतीला टेकून बसून राही. का, असं विचारलं तर म्हणाली, “असू दे गं बयो. तुझ्या डॉक्टरसाहेबांना नाही कळायचं.”

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून बाहेर पाहिलं. समोरच चर्च होतं. चर्चची वेदी पूर्वेला असते हे मला शाळेत शिकवलेलं. वेदीची ती बाजू माझ्या डाव्या हाताला होती. म्हणजे खिडकी दक्षिणेला, आणि आईचे पायही दक्षिणेला. तिला ते कसं उमगलं कोण जाणे. अभद्र म्हणून ती तोंडानं बोलत नव्हती. मीही बोलले नाही. असल्या गोष्टींना आमच्या शाळेतल्या मॅडम हसत, आणि डॉक्टरसाहेब त्यांच्याच ओळखीचे.

आई वाचली, हे आधीच सांगते. पण अंगातलं रक्त गेलं ते भरून आलं नाही. चुलीपाशी आता काकी बसते, आणि आई खोलीतूनच मीठ किती घालायचं ते सांगते. तुमचं माणूस अशा परक्या घरात पडलं असेल, तर औषधाच्या वेळांबरोबर खाटेची दिशाही पाहून घ्या. आणि पाहिलंत की लगेच सांगा.

रक्त गेलं ते तिसऱ्या दिवशी पहाटे. डॉक्टरसाहेब धावत आले. रक्त थांबल्यावर ते म्हणाले, रोगी भ्रमात आहे, हात खाटेला बांधा. रोझीबायनं फडकं आणलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, पण काही मागितलं नाही.

मी मध्ये उभी राहिले. इंग्रजीतच बोलले.

“साहेब, हात बांधू नका. उशी खिडकीकडेच ठेवा. दक्षिणेकडे पाय करून आम्ही मेलेल्या माणसाला निजवतो. माझी आई जिवंत आहे.”