भुजंगचे तीन भूतबंगले

मी गेल्यावर भुजंग कोणाशी बोलेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. जेवणाची चिंता नाही. नवीन जालन्यात खानावळी पुष्कळ आहेत आणि त्याला पिठलं-भात करता येतो. कपडे तो स्वतः धुतो, इस्त्रीही माझ्यापेक्षा चांगली करतो. पण माझा मुलगा एका विषयावर जितकं बोलतो तितकं ऐकून घेणारं माणूस या घरात मी एकटीच आहे, आणि मीसुद्धा अर्ध्या वेळेला भाजी निवडत असते.

विषय म्हणजे भूतबंगला. तो एक व्हिडिओ गेम आहे. त्याचं खरं नाव इंग्रजीत आहे, पण ते पडद्यावर येऊन जाईपर्यंत कोणीच वाचत नसे, म्हणून सगळी पोरं त्याला भूतबंगलाच म्हणत. भुजंगच्या बरोबरीची पोरं कधीच तो विसरली. कोणाची दोन-दोन लेकरं झाली, एकाने पेट्रोल पंप काढला. भुजंग अठ्ठावीस वर्षांचा झाला, बियाण्यांच्या एका कंपनीत बी किती उगवतं ते तपासायला लागला, ऑफिसात त्याला सरळ आणि निर्व्यसनी म्हणतात, पण घरी आला की तो अजून बंगल्यातच असतो. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं. पेशव्यांची वंशावळ आज मला सांगता येणार नाही. भूतबंगल्याच्या आवृत्त्या मात्र झोपेतून उठवलं तरी सांगेन.

पहिला बंगला स्टेशनजवळ मेहमूदभाईंच्या पार्लरमध्ये होता. उभं मशीन, पडद्यावर बोटांचे ठसे. त्या बंगल्याला तीन मजले होते आणि सगळ्यात वर झुलत्या खुर्चीत एक म्हातारी पाठमोरी बसलेली असायची. हातात कंदील घेऊन तिच्यापर्यंत पोचायचं. कंदिलातलं तेल मात्र फार लवकर संपायचं, कारण तेल संपल्यावर पुन्हा नाणं टाकावं लागे आणि मेहमूदभाईंना तीन मुलींची लग्नं करायची होती. भुजंग तेव्हा सातवीत होता. मी त्याला कानाला धरून घरी आणायला गेले की मेहमूदभाई म्हणायचे, "भाभी, मारू नका. बच्चा खेळत कमी अन् बघत जादा राह्यतो. बराबर मागं उभा राहून सगळं पाठ करतो."

दुसरा बंगला दहावीच्या सुट्टीत आमच्या घरी आला. टीव्हीला जोडायचा खेळ, त्यात घालायची पिवळी कॅसेट. कॅसेटवर शंभर खेळ असं छापलेलं होतं, आत सातच होते, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. या बंगल्याचा एक मजला कमी झाला होता. तेल मात्र संपतच नव्हतं. मी विचारलं, इथे का संपत नाही? भुजंग म्हणाला, "इथं पैसे आधीच घेतले ना, आई." आणि वरच्या खोलीत झुलत्या खुर्चीवर म्हातारीऐवजी दुसऱ्याच कुठल्या तरी खेळातलं माकड बसलेलं होतं. बनवणाऱ्याने कंटाळा केला असावा. भुजंगला त्या माकडाचा इतका राग आला की दोन दिवस तो नीट जेवला नाही.

तिसरा बंगला कॉम्प्युटरवर, सीडीतला. तो फार मोठा. त्याला बाग आहे, तळघर आहे, म्हातारी तोंड उघडून बोलते. आणि शेवटी असं कळतं की कंदील घेऊन फिरणारा माणूस त्याच घरातला मुलगा होता. मी म्हटलं, "म्हणजे इतका वेळ आपण घरच्याच माणसांना घाबरत होतो?"

"हो ना."

"मग यात नवीन काय केलं त्यांनी?" मी म्हटलं. शेजारी हे पेपर वाचत होते. यांनी पेपर थोडा वर घेतला.

तर अशा मुलाचं लग्न ठरवायचं होतं. ते काम माझे दीर बद्रीनाथ भाऊजींनी अंगावर घेतलं. भाऊजी धावड्याला शेती बघतात आणि उरलेल्या वेळात सोयरिकी जुळवतात. त्यांनी भुजंगचा बायोडाटा टाईप करून आणला. त्यात 'छंद' असा एक रकाना होता.

"वहिनी, इथं काय टाकू?"

"त्यालाच विचारा ना."

"इचारलं. भूतबंगला म्हणतो. असं छापलं तर लोक पोरगी दाखवतील का अंगारा मागतील?"

पहिल्या वेळी भाऊजींनी 'वाचन' टाकलं. अंबडच्या पाहुण्यांनी शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं असं विचारलं आणि भुजंगने कॉम्प्युटरबरोबर आलेल्या माहितीपुस्तकाचं नाव सांगितलं. दुसऱ्या वेळी 'समाजसेवा' आली. त्या मुलीचे वडील सरपंच होते, त्यांना ती स्पर्धा वाटली. तिसऱ्या वेळी 'योगासने'. दर वेळी भुजंगची उंचीही एक इंच वाढत होती. मी हरकत घेतली तर भाऊजी म्हणाले, "कागदावर सगळेच वाढतेत, वहिनी. समोरचा एक इंच कमी धरूनच वाचतो."

हा तिसरा बायोडाटा घेऊन आम्ही जीप करून घनसावंगीला गेलो. मुलगी कौसल्या, बी.कॉम. झालेली. वडील शिवाजीराव, उसाचे बागाईतदार, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. आई पुष्पाबाई. कौसल्याच्या बायोडाटात छंद म्हणून 'स्वयंपाक, शिवणकाम' लिहिलेलं होतं, आणि आम्ही तो निमूट खरा धरला होता.

पोहे आले. शिवाजीराव म्हणाले, "योगासनं करता म्हणे तुम्ही. डॉक्टर मला बी करा म्हणून राह्यले. गुडघ्याला कोणतं चांगलं?"

भुजंगने ताटली खाली ठेवली. "मी योगासनं करत न्हाई."

"म्हणजे सध्या," भाऊजी म्हणाले. "बियाण्याचा सीझन हाय ना."

"सीझन नसला तरी न्हाई करत. मी गेम खेळतो. भूतबंगला."

पुष्पाबाईंनी घाईघाईने नवऱ्याच्या ताटलीत आणखी पोहे घातले. शिवाजीरावांनी आमच्या कागदाकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. भाऊजी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये कुठला तरी मुहूर्त शोधायला लागले. बैठक मोडण्याची वेळ आली की सगळे जण म्हणतात ते वाक्य मग शिवाजीराव म्हणाले, "कौसल्या, तुला काही इचारायचं असलं तर इचार." या वाक्यावर मुलीने खाली बघून मान हलवायची असते. माझ्या वेळी मीही तशीच हलवली होती.

कौसल्याने वर पाहिलं. "टीव्हीवरचा का कॉम्प्युटरवरचा?"

माझ्या मुलाचा चेहरा मी अठ्ठावीस वर्षं बघतेय. असा कधी पाहिला नव्हता.

"दोन्ही," तो म्हणाला. "अन् पार्लरमधला बी. पण टीव्हीवरच्यात म्हातारी न्हाई. माकड हाय."

"आमच्यात म्हातारीच हाय. माकड तुमच्यातच असंल."

पुष्पाबाईंनी तोंडाला पदर लावला. आमचे हे ताठ बसले.

"मंग तळघर न्हाई तुमच्यात," भुजंग म्हणाला.

"हाय की. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद करायचं अन् उलट्या पावली मागं यायचं. फरशी सरकती."

"ते कॉम्प्युटरवरच्यात. टीव्हीवरच्यात घड्याळ बंदच होत न्हाई."

"मी सोता केलंय."

"तुमचं चुकून राह्यलं."

"कामून? तुम्ही पाह्यली का आमची कॅसेट?"

 भुजंग तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे. पोहे गार झाले. भाऊजी खोकले. शिवाजीराव म्हणाले, "चहाचं बघ, कौसल्या," आणि चहा दुसऱ्याच कोणीतरी आणून दिला.

परतताना जीपमध्ये भाऊजी म्हणाले, "पोरगी तोंडाळ हाय."

हे म्हणाले, "पहिल्याच बैठकीत पाहुण्याला माकड म्हणाली."

"त्याच्या कॅसेटमध्ये माकड आहे असं म्हणाली," मी म्हटलं.

"तेच ते."

भुजंग खिडकीतून बाहेर बघत होता. अंबड गेल्यावर एकदम म्हणाला, "तिच्यात घड्याळ बंद होत असंल का खरंच?"

आता आमच्याकडची रीत अशी की मुलगी बघून आल्यावर मुलाकडच्यांनी आधी फोन करायचा नाही. मुलीकडच्यांनी करायचा आणि "मग, काय ठरलं?" असं विचारायचं. मुलाकडच्यांनी आधी केला तर मुलात काही खोट आहे, नाहीतर घाई आहे, असा अर्थ होतो. ही रीत कोणी घातली माहीत नाही, पण फोन नव्हते तेव्हाही ती माणसं पाठवून पाळली जायची. यावेळी अडचण अशी झाली की शिवाजीरावांनीही हाच हट्ट धरला. योगासनांचं खोटं आमच्या बाजूने निघालं, वर मुलाने चारचौघांत मुलीला खोटं पाडलं, तेव्हा आधी त्यांनी बोलावं, असं त्यांनी एका नातेवाइकाजवळ म्हटलं आणि ते फिरून आमच्यापर्यंत आलं. हे म्हणाले, "आपण मुलाकडचे. आपण नाही करणार."

तेव्हापासून दोन्ही घरांत फोन गप्प आहेत. आमचे हे ऑफिसातून आले की आधी रिसीव्हर उचलून कानाला लावतात, टोन येतोय का बघतात आणि ठेवून देतात. मी काही विचारत नाही. घनसावंगीला शिवाजीरावही हेच करत असतील, याबद्दल मला शंका नाही.

भुजंगने मात्र माळ्यावरून पिवळी कॅसेट काढली. खेळाचा रिमोट अर्धा मेला होता, त्याची तार त्याने कापून जोडली. सुट्टीचा अख्खा दिवस तो टीव्हीसमोर बसून स्वयंपाकघरात उलट्या पावली चालत होता. घड्याळ बंद झालं नाही. मग तो स्टेशनकडे गेला. मेहमूदभाईंच्या पार्लरच्या जागी आता फोनचं बूथ आहे, पण म्हातारे मेहमूदभाई तिथेच खुर्चीवर बसलेले असतात. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले?

"हसले. म्हणाले, अरे बेटा, तू लडकी देखने गया था के तहखाना?"

"आणि तळघराचं?"

"त्यांना बी म्हाईत न्हाई. आई, तिच्याकडची कॅसेट वेगळीच हाय. मी पाह्यलेलीच न्हाई ती."

इतक्या वर्षांत हा मुलगा मला सांगत आला. कुठल्या बंगल्याला किती मजले, कुठलं भूत हिरवं, कुठलं पांढरं. ऑफिसातल्या लोकांनाही सांगत असेल, ते घड्याळाकडे बघत असतील. त्याला माहीत नाही असं काही समोरच्याकडे असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी तो माझ्यासमोर तार गुंडाळत बसला होता आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं.

काल भाऊजी धावड्याहून आले. भोकरदनचं एक स्थळ आणलंय, रविवारी बघायला जायचं. नवीन बायोडाटाही आणला. छंद 'बॅडमिंटन'. उंची मी वाचलीच नाही.

भुजंगने कागद भाऊजींना परत दिला. "मी येत न्हाई, काका."

"कामून? पोरगी गोरी हाय. शांत हाय. एक शब्द बोलत न्हाई."

"म्हणूनच."

यांनी पेपर खाली ठेवला. "मग काय करायचं ठरवलंय तू?"

"मला कौसल्याला विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"तळघरात पुढं काय हाय ते. अन् बाकी काय काय वेगळं हाय." मग जरा थांबून म्हणाला, "तिला आवडत असंल तर."

भाऊजी हसायला लागले. हे हसले नाहीत, पण रागावून म्हणाले, "तिकडून फोन येऊ दे, मग विचार." भुजंग उठून आत गेला. तो स्वतः फोन करणार नाही हे मला ठाऊक आहे. वडिलांनी नको म्हटलं की तो ऐकतो. त्याचा सरळपणा सगळ्यांना आवडतो, तो असा कामी येतो. रविवारी भाऊजी त्याला धरून जीपमध्ये बसवतील आणि भोकरदनलाही तो मुकाट बसेल. न बोलणारी मुलगी पसंत करायला भाऊजींना चहाही लागत नाही. मग तो तिला मजले सांगत राहील आणि ती भाजी निवडत राहील.

सगळे झोपलेत. मी इतकं लिहीपर्यंत एकच गोष्ट ठरली आहे. उद्या सकाळी हे ऑफिसला गेले की मी घनसावंगीला फोन लावणार. त्या वेळी शिवाजीराव उसात असतात, फोन पुष्पाबाई उचलतील. मुलाकडच्यांनी आधी केला तर मुलात खोट आहे असा अर्थ होतो, तर होऊ दे. खोट आहेच, ती सगळ्यांनी पाहिली आहे, आणि कौसल्या ती पाहूनही त्याच्याशी भांडत बसली होती. मी सांगेन, मी भुजंगची आई बोलतेय. योगासनं आमच्या भाऊजींची होती, त्याबद्दल माफ करा. मग जरा कौसल्याला द्या म्हणेन.

नंबर डायरीतून काढून मी हातावर लिहून ठेवलाय.